तळ्याकाठचा उत्तमराव

उस्मान,

परवा आपल्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी शोकसभा झाली. तुझ्या हाताखाली शिकलेले लूमचे मिस्त्री आले होते, काही मालक होते, आपल्या वर्गातले चौघे-पाच होते. एक सूतवाले व्यापारी बोलायला उठले. त्यांचे लूम तू वर्षानुवर्षं दुरुस्त केलेस. ते म्हणाले, "उस्मान मिस्त्री अगदी आपल्यातलाच वाटायचा. सांगितल्याशिवाय कळायचं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर डोळे पुसले. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय कळायचं नाही? आणि कळलं असतं तर काय बिघडलं असतं? तुझे पणजोबा या भिवंडीत भाताचा व्यापार करत होते, तेव्हा या व्यापाऱ्याच्या घराण्याला भिवंडी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. तू कोणात वाटायचास हे ठरवणारे हे कोण?

हे सगळं उठून म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. खुर्चीच्या कडा धरून बसून राहिलो, कारण त्या माणसानं जे तोंडानं म्हटलं ते मी पाच वर्षांपूर्वी माझ्या हातानं, शाईनं लिहिलं होतं. तुला ते माहीत होतं. तुझ्यामाझ्याशिवाय ते पुरतं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आज लिहितो आहे.

नाताळची सुटी होती. मी ज्या सायझिंगमध्ये कारकून आहे, तिथे सुताला खळ लावायचं मशीन बंद पडलं होतं आणि सुटा भाग मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते. साहेबांनी आपणहून रजा दिली. वज्रेश्वरीच्या पुढे तळ्याकाठी कुणीतरी कुटुंबांसाठी राहायची जागा काढली होती, कौलारू खोल्या, झोपाळे, होडी. टेमघरच्या आमच्या आळीतला एकजण जाऊन आला होता आणि महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. घरी सुमन मागे लागली. मी तुला विचारलं. तू म्हणालास की लूमची सुटी शुक्रवारची, गुरुवारी दुपारी निघू, शनिवारी सकाळी परत. मग हसून म्हणालास की आयुष्यात पहिल्यांदा बायकोला लूमच्या खडखडाटापासून लांब झोपायला नेतोय, ती घाबरून उठेल.

एसटी अंबाडीला थांबली तेव्हा तू उतरून सगळ्यांसाठी चहा आणलास. माझा दिनू आणि तुझी शमीम खिडकीसाठी भांडत होते. झुबेदाभाभी सुमनला सांदणं कशी फुगतात ते समजावत होती आणि दोघींचे पदर डोक्यावर सारखेच होते. माझं लक्ष नेमकं त्या पदरांकडे गेलं. दिसताना काही वेगळं दिसत नाही, असा विचार माझ्या मनात आला आणि मला बरं वाटलं. बघ, तिथपासूनच मी त्या व्यापाऱ्याची भाषा बोलायला लागलो होतो.

मला कशाची भीती होती ते तुला ठाऊक आहे. सत्तर सालच्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर तुझं घर राहण्यासारखं राहिलं नव्हतं. आपण दोघे ठाण्याला खोली बघत फिरलो होतो. तीन ठिकाणी खोली रिकामी होती, आणि तू नाव सांगितलंस की ती भरलेली निघायची. तिसऱ्या ठिकाणी त्या बाईनं आधी आपल्याला पाणी दिलं होतं. तू जिना उतरताना म्हणालास, "पाणी थंड होतं रं तिचं." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुन्हा माझ्यासमोर हे होऊ द्यायचं नाही. ठरवलं ते तुझ्यासाठी असं मी इतकी वर्षं समजत आलो. खरं तर मला बघवत नव्हतं, म्हणून ठरवलं होतं.

वज्रेश्वरीला उतरलो. सुमनला देवीला जायचं होतं. तू पायऱ्यांच्या खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलास, शमीम आमच्याबरोबर वर गेली आणि उतरताना पायऱ्या मोजत आली. मग टांगा केला. तळं दिसलं तेव्हा पोरं उभी राहिली. पाणी अगदी शांत होतं, पलीकडे डोंगर, अलीकडे झोपाळे. आणि फाटकावर पाटी होती: "फक्त सुसंस्कृत कुटुंबांसाठी."

तू ती मोठ्यानं वाचलीस. "कुटुंब तर आपुन हाव," म्हणालास. "सुसंस्कृताचं तू बघ."

सगळे हसले. मी हसलो नाही. ती पाटी मला पुरे झाली. तू टांग्यातून वळकट्या उतरवत होतास तेवढ्यात मी पुढे झालो. व्यवस्थापक टेबलाशी बसला होता. पन्नाशीचा, गळ्यात मफलर, नाकातून पाणी वाहतंय असा साधा माणूस. त्यानं वही माझ्याकडे सरकवली आणि टाक दिला. त्यानं काही विचारलं नाही, उस्मान. एक शब्द विचारला नाही. मी लिहिलं: हरिश्चंद्र पाटील, सहकुटुंब. खाली लिहिलं: धाकटा भाऊ उत्तम पाटील, सहकुटुंब. उत्तम हे नाव कुठून आलं ते आजही सांगता येत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी उत्तम नाही.

तुला ते रात्रीच्या जेवणाला कळलं. पंगत बसली होती. व्यवस्थापक स्वतः आमटी वाढत आला आणि तुझ्यासमोर थांबून म्हणाला, "उत्तमराव, वाढू ना?" तू मागे वळून पाहिलंस, मागे कोण बसलंय म्हणून. मागे भिंत होती. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी पानातलं लोणचं चिवडत होतो. तू म्हणालास, "वाढा."

त्या "वाढा"चा मला आजही राग आहे. तेव्हाच पान बाजूला सारून का उठला नाहीस? सगळ्यांसमोर माझे वाभाडे का काढले नाहीस? एखाद्या कळकट्ट लूमला तू जेवढ्या शिव्या द्यायचास त्याच्या चतुर्थांश मला दिल्या असत्यास तर ते तिथेच संपलं असतं. पण तू समंजस होतास. तुझा समंजसपणा भिवंडीत सगळ्यांनी वापरला, मालकांनी वापरला, शेजाऱ्यांनी वापरला, सर्वांत जास्त मी वापरला. आणि आता तू गेल्यावर लोक त्याचेच गोडवे गातात. समंजस माणूस कुणाला आवडत नाही? त्याच्या पायावर पाय दिला तरी तो आधी आपला पाय सरकवतो.

दुसरे दिवशी शुक्रवार होता. सकाळी तू खोलीत नमाजाला उभा राहिलास आणि मी जाऊन खिडकी लावून घेतली. तू नमाज पुरा केलास, चादर घडी केलीस आणि इतकंच विचारलंस की खिडकी का लावलीस, वारा छान येत होता. मी थंडीचं कारण सांगितलं. दुपारच्या जुम्म्याचं काय करणार, असं मी दबक्या आवाजात विचारलं. तू म्हणालास की प्रवासातल्या माणसाला जुम्म्याची सूट असते, तुझ्या उत्तमरावाला कुठे जायला नको. ते नाव तू त्या सहलीत एकदाच उच्चारलंस.

आणि मग ते सुकटीचं झालं. पाटीच्या खाली बारीक अक्षरांत मांसाहार मना असल्याचं लिहिलं होतं, ते मी वाचलं नव्हतं. सुमननं घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली होती. आगऱ्याच्या घरातून माणूस सुकटीशिवाय प्रवासाला निघत नाही. तिनं डबा उघडला आणि वास झोपाळ्यांपर्यंत गेला. व्यवस्थापक नाकाला मफलर लावून आला आणि मला चार लोकांत झापलं. अशा लोकांमुळे जागेचं नाव खराब होतं, पुन्हा झालं तर खोली सोडावी लागेल, असं म्हणाला. तुम्हा लोकांच्या डब्यात सांदणं आणि गूळ होता. तू आंब्याच्या बुंध्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. दोन दिवसांत त्या जागेतून हाकललं जायची वेळ आली ती फक्त माझ्यावर, खऱ्या नावानं उतरलेल्या पाटलावर. मीही हसलो. मला वाटलं, हसतोयस म्हणजे सोडून दिलंस.

सोडून दिलंही असतंस कदाचित, जर संध्याकाळी मी ते केलं नसतं.

झोपाळ्यावर शमीम होती. शेजारच्या झोपाळ्यावर एका ठाण्याच्या कुटुंबातली मुलगी. तिची आई दोघींना झोके देत होती. तिनं सहज विचारलं, बाळ, तुझं नाव काय? शमीमनं सांगितलं, "शमीम." मी बाकावर होतो. मी तिथूनच म्हणालो, "शमी म्हणतो आम्ही. शर्मिला नाव तिचं."

पोरगी झोपाळ्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "न्हाय काका," म्हणाली, "शमीम."

"शर्मिला," मी पुन्हा म्हणालो. आणि हसलो. आठ वर्षांच्या पोरीला तिचं नाव चुकतंय अशा थाटात हसलो.

ती बाई म्हणाली, छान आहे नाव, दोन्ही छान. आणि झोके देत राहिली. तिला काही फरक पडला नाही. शमीमनं पाय जमिनीला लावून झोपाळा थांबवला आणि उतरून निघून गेली. तेव्हा मला दिसलं की तू होडीच्या धक्क्यावर उभा होतास आणि तू सगळं ऐकलं होतंस.

शनिवारी सकाळी परतताना तू म्हणालास अकलोलीला उतरू. बायका-पोरांना चहाच्या हॉटेलात बसवून तू मला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेलास. थंडीत पाण्यातून वाफ निघत होती. दोघांनी पाय सोडले. तू आधी तुझ्या आजीचं सांगितलंस. ती दर हिवाळ्यात गुडघ्यांसाठी इथे यायची, बैलगाडीनं, आठ-आठ दिवस राहायची. इथल्या बायका तिच्यासाठी कडेची पायरी मोकळी ठेवायच्या. तिला सगळे नावानं ओळखायचे. खातूनबी आली का, म्हणून विचारायचे.

मग मी बोलायला लागलो. मी म्हणालो की तुला भाऊ मानतो म्हणूनच भाऊ लिहिलं, यात माझं काय चुकलं.

तू पाण्याकडे बघत होतास. "भाऊ लिहिलंस ते चांगलं केलंस," म्हणालास. "भाऊ उस्मान लिहायचं व्हतं."

मी ठाण्याच्या त्या तीन खोल्यांची आठवण काढली. तुझा अपमान होऊ नये म्हणून केलं, म्हणालो. इथेही त्यानं नाही म्हटलं असतं तर पोरांसमोर परत फिरावं लागलं असतं.

तेव्हा तू वळून माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांत तुझा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच.

"ठाण्यात त्यांनी न्हाय म्हटलं ते त्यांच्या तोंडानं म्हटलं, हरी. त्यांचं पाप त्यांच्याकडं. हितं मला कुणी न्हाय म्हटलंच न्हाय. तू म्हटलंस. त्यांनी विचारायच्या आधी त्यांच्या वतीनं तू मला न्हाय म्हणून मोकळा झालास. आन माझी पोरगी सांगत असताना तिला बी न्हाय म्हटलंस."

मी चिडलो. खरं ऐकल्यावर माणूस चिडतो तसा. तुला जगाचा अनुभव असून तू भाबडा आहेस, त्यानं हाकललंच असतं, मी पैजेवर सांगतो, असं काहीतरी बोललो. तू म्हणालास, हाकललं असतं तर हाकललं असतं, आपण सगळे या कुंडावर येऊन सांदणं खाल्ली असती. मग पाय बाहेर काढून धोतराच्या सोग्यानं पुसावेत तसे रुमालानं नीट पुसलेस, एकेका बोटामधलं पाणी टिपलंस, आणि चपला घातल्यास. एसटीत तू माझ्या शेजारीच बसलास. दिनू झोपला तेव्हा त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं.

आपली मैत्री तुटली नाही. तुटली असती तर लोकांना कळलं असतं आणि मला काही उत्तर तरी द्यावं लागलं असतं. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर तू नाक्यावर चहाला येत राहिलास. तो वाद मात्र दर दोन-चार महिन्यांनी डोकं वर काढायचा. कधी मी म्हणायचो, त्यानं दिली नसती खोली. तू म्हणायचास, तुला काय म्हाईत. कधी वर्तमानपत्रात काही आलं की मी ते तुझ्यापुढे पुरावा म्हणून धरायचो. लाज वाटते सांगायला, पण जगात कुठे तुझ्या माणसांना दार बंद झालं की माझ्या मनातला एक कोपरा सुखावायचा. माझं बरोबर होतं असं त्याला वाटायचं. एका चुकीची माफी मागता येत नाही म्हणून माणूस जग वाईटच असावं अशी इच्छा धरतो. मी धरली. पाच वर्षं धरली.

छातीत कळ येऊन तू लूमच्या आडव्या पट्टीवर पडलास ते मला सायझिंगमध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आलो. भाभी औषधं आणायला गेली होती, आपण दोघेच होतो. मी सगळं ठरवून आलो होतो. तू मला बघून म्हणालास, "बोल. काय बोलायचं हाय?" तुला कळलं होतं की आज मी बोलणार आहे. आणि मी काय बोललो? वीज पुन्हा जायला लागलीय, म्हणालो. शेजारच्या कारखान्यात नवा मिस्त्री ठेवलाय, त्याला काही येत नाही, म्हणालो. तू हसलास. म्हणालास, मी आलो की बघतो. रात्री तू गेलास.

या माझ्या भेकडपणाची मला जितकी चीड आहे तितकी कशाचीच नाही. आणि थोडी तुझीही आहे. एक दिवस आणखी थांबायला काय झालं होतं? मी दुसऱ्या दिवशी बोललो असतो. हे खोटं आहे, हेही मला कळतं.

काल तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरच्या त्या चार महिन्यांत बाहेरच्या पुरुषासमोर येत नाही. तिनं आतूनच सुमनची चौकशी केली. दारात शमीम उभी राहिली. तेरा वर्षांची झालीय, तुझ्यासारखी भुवई वर करून ऐकते. मी ओट्यावर बसलो आणि तळ्याकाठचं सगळं सांगितलं, वहीतलं नाव, पंगत, कुंड. झोपाळ्याचं सांगायला लागलो तर तिनं मला थांबवलं.

"ते मला आठवतं काका," ती म्हणाली. "शाळेत कुणी नवीन बाईंनी नाव विचारलं ना, की मी आजूनपण आधी बघते. कोण हाय, कशाला विचारतात. मग सांगते."

पाच वर्षं तू आणि मी वाद घालत होतो तो त्या व्यवस्थापकानं काय केलं असतं याचा. इकडे या पोरीला नाव सांगायच्या आधी दचकायची सवय लागली होती, आणि ती कुणा परक्यानं लावली नव्हती. जो तिला खांद्यावर बसवून उरूस दाखवायला न्यायचा, त्या काकानं लावली होती. तुला हे माहीत होतं का? माहीत असून मला सांगितलं नाहीस? सांगायला हवं होतंस. कुंडात माझं डोकं धरून बुडवायला हवं होतंस.

मग तिनंच विचारलं, "बाबांना कधी म्हणालात का, चुकलं म्हणून?"

नाही, मी म्हणालो.

"मग लिवा," ती म्हणाली. आतून भाभीनं तिला दटावलं, मोठ्या माणसाला असं बोलतात का. ती हटली नाही. "लिवा आन मला आणून द्या. पण त्यात बाबांना गरीब बिचारे करू नका."

म्हणून रविवारची सकाळभर बसून हे लिहिलं. उस्मान, माझं चुकलं. तुझं नाव लपवण्यासारखं आहे असं मी ठरवलं, आणि त्याला मी प्रेम म्हणत राहिलो. तुझ्या पोरीच्या तोंडावर मी तिला खोटं पाडलं. तू जिवंत होतास तेव्हा हे तीन वाक्यांत सांगता आलं असतं आणि तू दुसरा चहा मागवला असतास.

संध्याकाळी हे कागद घेऊन तुझ्या घरी जाणार आहे. सुमन विचारते आहे, शमीम वाचून काय म्हणेल. मला माहीत नाही. काय म्हणेल हे तिच्या वतीनं मी आता ठरवणार नाही. ओट्यावर बसेन, आणि ती बोलेपर्यंत थांबेन.